आगगाडीचा विस्तव आणि बायका

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा गेले दोन महिने आग्रह चालला आहे. "पाककृती पुष्कळ आल्या, कविताही आल्या, तुम्ही काही इतिहासाचे द्या," असे त्या म्हणाल्या. इतिहास म्हटला की जिजाऊ, अहिल्याबाई, झाशीची राणी ही नावे डोळ्यांपुढे येतात, आणि ती यावीतही. परंतु त्यांच्यावर लिहिणाऱ्या विदुषी आपल्यात आहेत. मी रेल्वेवाल्याची मुलगी. म्हणून मला ठाऊक असलेल्या मार्गाने, म्हणजे रुळांवरूनच, मी जाणार आहे. वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे काम बायकांच्या हाती कसे आले, किंबहुना इतकी वर्षे का आले नाही, याची ही हकीकत आहे. विषय वाचून काही भगिनी हसतील. पण शेवटपर्यंत वाचल्यावर हसू मावळेल अशी मला आशा आहे.

माझे बालपण खानदेशातल्या एका जंक्शनाच्या गावी, रेल्वेच्या चाळीत गेले. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते फायरमन होते. अपरात्री कॉलबॉय येऊन कडी वाजवी आणि नाना निळा डगला चढवून कंदिलाच्या उजेडात निघून जात. पुष्कळदा त्यांचा डबा पोहोचविण्याचे काम माझ्याकडे असे. मी शेडच्या फाटकापर्यंत जाई. तेथून पुढे माझा थोरला भाऊ डबा घेऊन थेट इंजिनावर चढे. एकदा मी नानांना विचारले, "मला का नाही वर घेत?" ते म्हणाले, "पोरी, ही आग बायकांना सोसायची नाही." ते हे प्रेमानेच म्हणाले आणि त्यांच्या काळी सगळेच तसे म्हणत. पण त्या वेळी आई परसात चूल फुंकत होती. आणि त्याच शेडात मजूर बायका डोक्यावर कोळशाच्या पाट्या घेऊन ओळीने चालताना मी रोज पाहत होते. कोळसा इंजिनापर्यंत जाई तो बायकांच्या डोक्यावरून; मात्र तो पुढे दोन हात आत टाकणे, एवढेच बायकांना झेपणार नव्हते! हे कोडे तेव्हा सुटले नाही. पुढे वाचनाचा नाद लागला तेव्हा थोडेथोडे उलगडत गेले.

प्रथम हे काम काय असते ते सांगते, म्हणजे पुढचे नीट समजेल. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या माहेरी मोरीत तांब्याचा बंब असे. मध्ये विस्तवाची नळी आणि तिच्याभोवती पाणी. तोच बंब आडवा पाडून अवाढव्य केला, एका नळीच्या जागी शे-दीडशे नळ्या घातल्या, तोंडाशी पोलादी चूल बसविली आणि वाफ बाहेर निसटू न देता कोंडून ठेवली की झाले आगगाडीचे इंजिन. त्या चुलीचा मालक म्हणजे फायरमन. गाडी चालविणे, थांबविणे ही ड्रायव्हरची कामे. पण चालविण्यासाठी लागणारी वाफ तयार ठेवणे ही सर्वस्वी फायरमनची जबाबदारी.

लोकांना वाटते, फावड्याने कोळसा ढकलला की काम झाले. वस्तुतः कोळसा कोठे टाकायचा यातच सारे कसब आहे. चुलीच्या मागच्या कोपऱ्यांत थर जाड हवा, पुढे पातळ हवा. एकदम ढीग टाकला तर काळा धूर सुटतो आणि वाफ उतरते. कमी टाकला तर जाळीवर भोके पडून गार वारा आत शिरतो. म्हणून 'थोडे आणि वारंवार' हा या धंद्यातला पहिला धडा. कोठे चढ आहे, कोठे उतार आहे, कोठे थांबा आहे, हे सर्व पाठ असावे लागते. कारण आत्ता टाकलेला कोळसा काही मिनिटांनी कामाला येतो. चढ दिसल्यावर जाळ करू लागणारा फायरमन कधीच वेळेवर पोहोचत नाही. पाहुणे दाराशी आल्यावर कणीक भिजवायला घेणाऱ्या गृहिणीसारखी त्याची गत होते.

याहून मोठी गोष्ट पाण्याची. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे एका काचेच्या नळीत दिसते आणि त्या नळीवरून फायरमनची नजर हलता कामा नये. इंजेक्टर नावाच्या यंत्राने वाफेच्याच जोरावर तो बॉयलरमध्ये पाणी चढवितो. पाणी चुलीच्या छताखाली गेले तर छत तापून फाटण्याचा धोका. म्हणून तेथे शिशाच्या मिश्रणाची बुचे बसविलेली असतात. ती वितळली की वाफ चुलीत शिरते आणि सर्वांना धोका कळतो. फायरमनला याहून मोठी नामुष्की नाही. बोगद्यात शिरताना ब्लोअर उघडायचा राहिला तर जाळ उलटून थेट अंगावर येतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. सिग्नलवर नजर ठेवणे, आणि गाडी सिग्नलशी फार वेळ अडकली तर चालत केबिनपर्यंत जाऊन 'आम्ही येथे उभे आहोत' अशी आठवण देणे, हीही ब्रिटिश रेल्वेवर प्रायः फायरमनचीच कामे होती. तात्पर्य, दंडात बळ हवे हे खरे. पण त्याहून अधिक हवी ती सावधानता. आणि विस्तव, पाणी व वेळ या तिघांवर एकाच वेळी नजर ठेवणे ही गोष्ट बायकांना नवी आहे, असे कोण म्हणेल?

आता इतिहासाकडे वळू. आगगाडीचे माहेर म्हणजे इंग्लंड. तेथे फायरमन होण्याची एक ठरलेली शिडी होती. मुलगा कोवळ्या वयात शेडात 'क्लीनर' म्हणून लागे, म्हणजे तेलकट चिंध्यांनी इंजिने पुसून काढी. काही वर्षांनी परीक्षा देऊन तो फायरमन होई. आणि आणखी पुष्कळ वर्षांनी, केस पिकू लागताना, ड्रायव्हर. खालच्या पायरीवर पाऊल ठेवल्यावाचून वर जाता येत नसे. आणि ठेवल्यावर वर जाण्याचा हक्क आपोआप मिळे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पुरुष रणांगणावर गेले. तोपर्यंत ब्रिटिश रेल्वेवर बायका नव्हत्या असे नाही. फाटकवाल्या होत्या, धोबिणी होत्या, प्रतीक्षालयांतल्या दाया होत्या, थोड्याबहुत कारकून होत्या. पण युद्धाने त्यांना हमाल, तिकीट तपासनीस, सिग्नलवाल्या आणि इंजिन पुसणाऱ्या केले. १९१८ पर्यंत त्यांची संख्या ६०,०००हून अधिक झाली. युद्ध संपले, पुरुष परतले, आणि यांतल्या बहुतेकींना आभार मानून घरी पाठविण्यात आले. १९३९ साली दुसरे महायुद्ध लागले तेव्हा पुन्हा तेच. या खेपेस १,००,०००हून अधिक बायका ब्रिटिश रेल्वेवर राबल्या. बॉम्ब पडत असताना त्यांनी सिग्नल ओढले, रूळ ठोकले, मालाचे डबे भरले.

इंजिने पुसणाऱ्या बायका दोन्ही युद्धांत होत्या. म्हणजे शिडीच्या पहिल्या पायरीवर त्या उभ्या होत्या. तेच काम, तोच चिखल, तेच तेल. पण त्यांच्या शेजारी काम करणारा सोळा वर्षांचा पोरगा पुढे फायरमन होई आणि त्या मात्र क्लीनरच राहत. पायरी तीच, शिडी मात्र वेगळी! कारण सांगितले जाई ते बळाचे: बाईला फावडे पेलणार नाही. शिवाय रात्रीबेरात्री परक्या गावी मुक्काम, एकाच छपराखाली परका पुरुष, आणि युद्धानंतर परतणाऱ्या पुरुषांच्या जागा, ही न बोललेली कारणे होतीच.

बळाचे कारण खरे असते तर ते जगात सर्वत्र खरे ठरले असते. तसे ते ठरले नाही. रशियात झिनाइदा त्रोइत्स्काया ही १९३०च्या दशकातच वाफेचे इंजिन चालवीत होती. दुसऱ्या महायुद्धात येलेना चुखन्यूक या तरुणीने युद्धाच्या आघाडीकडे दारूगोळ्याच्या गाड्या नेल्या. १९४३ साली तिला 'समाजवादी श्रमवीर' हा त्या देशातला मोठा किताब मिळाला. चीनमध्ये त्येन क्वेयिंग नावाची विशीतली मुलगी रेल्वेवर लागली, तिने फावडे मारण्यापासून शिक्षण घेतले, आणि ८ मार्च १९५० रोजी दालियेनहून 'आठ मार्च' हेच नाव दिलेले इंजिन आपल्या मैत्रिणींसह चालवीत नेले. ती काही कोण्या मल्लाची कन्या नव्हती. समुद्रकाठच्या गरीब घरातली मुलगी होती. या राज्यांना बायकांच्या श्रमाचे गोडवे गाऊन आपला डांगोरा पिटायचा होता, हे मला ठाऊक आहे. पण डांगोऱ्याने बॉयलरमध्ये वाफ धरत नाही. ती फावड्यानेच धरते. आणि ते फावडे बायकांच्या हातात होते.

ब्रिटनमध्ये मात्र दार बंदच राहिले. आणि येथे दैवाने एक विलक्षण थट्टा केली. ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेची शेवटची प्रवासी गाडी धावली. पुढे १९७५ साली तेथील पार्लमेंटने स्त्री-पुरुष भेदाविरुद्ध कायदा केला आणि रेल्वेला बायकांना 'नाही' म्हणणे अशक्य झाले. १९७८ साली हॅना डॅड्स ही लंडनच्या भुयारी रेल्वेची पहिली महिला चालक झाली. १९७९ साली कॅरन हॅरिसन ही जेमतेम एकोणीस वर्षांची मुलगी लंडनच्या ओल्ड ओक कॉमन शेडात चालक होण्यासाठी दाखल झाली. तिला सहकाऱ्यांची टिंगल आणि छळ पुष्कळ सोसावा लागला, पण ती टिकली. हे सर्व स्तुत्यच. परंतु पाहा: दार उघडले तेव्हा आत चूलच विझलेली होती! डिझेल आणि विजेच्या इंजिनात ना कोळसा ना फावडे. ज्या कामाला बाई नालायक म्हणून दीडशे वर्षे दूर ठेवले, ते काम करून दाखविण्याची संधीच उरली नाही. तेथल्या ड्रायव्हरांच्या संघटनेच्या नावात १८८० पासून असलेला 'फायरमन' हा शब्द तेवढा मागे राहिला.

मग बायका वाफेच्या इंजिनावर चढल्या कोठे? येथे वारसा-रेल्वेची गोष्ट येते. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची एक चिमुकली रेल्वे आहे. १८६५ साली ती पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधली गेली. आपण ज्या पाटीवर धुळाक्षरे गिरविली तसाच तो दगड. खाण १९४६ साली बंद पडली, पण रेल्वेचे मालक सर हेडन जोन्स यांनी आपल्या हयातीत गाडी चालू ठेवण्याचा शब्द पाळला. १९५० साली ते वारले. आता रूळ उपटून भंगारात जाणार असे दिसू लागले. तेव्हा लेखक टॉम रोल्ट यांनी बर्मिंगहॅम शहरात ऑक्टोबर १९५० मध्ये सभा भरविली आणि 'आपणच ही रेल्वे चालवू' असा वेडगळ वाटणारा ठराव मांडला. हा ठराव कागदावरच राहिला असता. पण सर हेडन यांच्या पत्नी लेडी जोन्स यांनी सहकार्य केले आणि मालकीचे भाग नव्या मंडळींकडे सोपविले. १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी चालविलेली गाडी सुटली. स्वयंसेवकांनी वाचविलेली जगातली ही पहिली रेल्वे.

दुसरी गोष्ट याहून रंजक आहे. दक्षिण इंग्लंडातल्या ससेक्स परगण्यात लुइस ते ईस्ट ग्रिन्स्टेड असा एक आडमार्ग होता. १९५५ साली सरकारी रेल्वेने तो बंद केला. त्या भागात मॅज बेसेमर नावाच्या एक बाई राहत. पोलाद बनविण्याची नवी रीत शोधणाऱ्या हेन्री बेसेमर यांची ही नात. त्यांनी जुने कायदे काढून वाचले. आणि १८७०च्या दशकातल्या कायद्यात त्यांना असे कलम सापडले की, या मार्गावर रोज चार गाड्या चालविणे बंधनकारक आहे! सरकारी रेल्वेला नाइलाजाने ऑगस्ट १९५६ मध्ये गाड्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. गाड्या रडतखडत चालल्या, म्हणून लोकांनी तिला 'रुसलेली गाडी' असे नाव ठेवले. शेवटी पार्लमेंटकडून ते कलम रद्द करून घेऊन मार्च १९५८ मध्ये मार्ग पुन्हा बंद झाला. पण मधल्या काळात लोक जागे झाले होते. त्यांनी संस्था काढली आणि ७ ऑगस्ट १९६० रोजी त्यातल्या एका तुकड्यावर 'ब्लूबेल रेल्वे' सुरू केली. तिचे पहिले इंजिन १८७५ सालचे, आणि त्याचे नाव 'स्टेपनी'! आपल्याकडे स्टेपनी म्हणजे मोटारीचे जादा चाक. म्हणून हे वाचताना मला हसू आले. असो. सांगायचे ते एवढेच की, पोथी उघडून कलम शोधणारी एक बाई नसती तर ही रेल्वे राहिली नसती.

अशा रेल्वे पुढे ब्रिटनभर निघाल्या. तेथे पगार नाही. हौसेने आणि निष्ठेने काम. आरंभी बायका आल्या त्या बहुतेक नवऱ्यांबरोबर किंवा वडिलांबरोबर. आणि त्यांच्या वाट्याला आली कामे म्हणजे चहाची टपरी, तिकिटे, दुकान आणि डब्यांच्या गाद्या शिवणे. आपल्याला यात नवल वाटायला नको. सार्वजनिक उत्सवात पुरुष मांडव घालतात आणि बायका पोळ्या लाटतात, त्यातलाच प्रकार. पण येथे एक फरक होता. या संस्थांना माणसांची कायम चणचण असे, आणि पहाटे चारला उठून थंडगार इंजिन पुसायला जो येईल तो हवाच असे. काही मुली चिंध्या घेऊन उभ्या राहिल्या. जुनी शिडी येथे तशीच होती: क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर. फक्त या खेपेस ती मध्येच कोणी ओढून घेतली नाही. हळूहळू, पुढच्या दशकांत, परीक्षा देऊन बायका फायरमन झाल्या आणि काही ड्रायव्हरही झाल्या. आज अनेक वारसा-रेल्वेंवर त्या आहेत. संख्येने पुरुषांपेक्षा अजून पुष्कळ कमी, पण आहेत. काही ठिकाणी ८ मार्चच्या सुमारास ड्रायव्हरपासून गार्डापर्यंत सर्व बायकांनी चालविलेल्या गाड्याही निघाल्या आहेत.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे विलायतेस गेले असता ही ब्लूबेल रेल्वे पाहण्याचा योग आला. शेफील्ड पार्क स्थानकावर इंजिन उभे होते. तो वास नाकात शिरला आणि मी क्षणभर नानांचा डबा हातात घेऊन उभी असल्यासारखी झाले. वर पाहते तो फायरमनच्या जागी एक तरुणी! तोंडावर काजळी, डोक्याला रुमाल, हातात फावडे. तेथून गाडी सुटली की लगेच ७५ फुटांना एक फूट असा चढ लागतो. त्यासाठी ती दहा मिनिटे आधीपासून जाळ बांधीत होती. मी लेकीच्या मदतीने तिच्याशी बोलले. मी विचारले, "जड नाही वाटत?" ती म्हणाली, पहिल्या महिन्यात ती जोर लावून दमत असे, मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने शिकविले की फावडे उचलायचे नसते, झुलवायचे असते. गुडघ्यात वाकायचे, कोळसा फावड्याच्या जोराने सरकू द्यायचा आणि शेवटी मनगटाला हिसका द्यायचा. मी तिला म्हटले, आमच्याकडे सुपाने धान्य पाखडताना असाच हिसका देतात. माझ्या मुलीला ते इंग्रजीत सांगता सांगता पुरेवाट झाली. पण मी हातांनी करून दाखविले आणि तिला लगेच समजले.

तिने आपल्या अडचणीही सांगितल्या. डगले आणि बूट पुरुषांच्याच मापाचे येतात. हातमोज्यांत बोटे पोहतात. स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची खोली शेडापासून लांब असते. "सर्वांत अवघड काय?" या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर माझ्या लक्षात राहिले आहे. ती म्हणाली, चूक झाली तर वाफ उतरते. तशी ती सगळ्यांचीच कधीतरी उतरते. पण मुलाची वाफ उतरली तर 'आज कोळसा वाईट होता' म्हणतात, आणि माझी उतरली तर 'बाई आहे' म्हणतात. हे ऐकून मी काही बोलले नाही. भगिनींनो, मोटार चालविणाऱ्या आपल्या लेकीसुनांना हेच ऐकावे लागत नाही का?

या सर्वांवर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, 'ही तर सुट्टीतली हौस! पगार नाही, पोटाचा प्रश्न नाही. ज्या कामाची जगाला गरज उरली नाही ते काम बायकांना दिले, यात कसली जीत?' मीही यावर पुष्कळ विचार केला. वारसा-रेल्वेवरच्या फायरमनला नानांसारखी बारा-बारा तासांची पाळी नसते. गाडीचा वेग सहसा ताशी २५ मैलांवर जात नाही. वेगवान मेलला मैलामागे पंधरा-वीस किलो कोळसा लागे, तसा येथे सारा दिवस खपवावा लागत नाही. हे सर्व कबूल. शिवाय कोळशालाही आता उतरती कळा आहे. वेल्समधली फोस-इ-फ्रान ही कोळशाची मोठी खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. वारसा-रेल्वेंना परदेशी कोळसा आणावा लागतो आणि भुकटीपासून बनविलेल्या गोळ्या जाळून पाहाव्या लागतात. हवा दूषित होते ही तक्रारही खोटी नाही. ही चूल किती काळ पेटती राहील हे कोणी सांगू शकत नाही.

तरीही माझे मत असे की, ही गोष्ट क्षुल्लक नाही. इंजिनाच्या बॉयलरला हौशी आणि पगारी हा भेद कळत नाही. पाणी खाली गेले तर शिसे वितळणारच. मागे बसलेल्या शेकडो माणसांचा जीव तितकाच मोलाचा. परीक्षा तीच, नियम तेच, चढही तोच. तेव्हा 'बाईला हे जमणार नाही' हे विधान ज्या एका जागी तपासून पाहता येण्यासारखे उरले होते, तेथे ते तपासले गेले आणि खोटे ठरले. उशिरा ठरले, पण ठरले. आणि एकदा एक विधान असे खोटे ठरले की त्याच्या भावंडांकडेही माणसे संशयाने पाहू लागतात.

आपल्याकडची हकीकतही याच्याशी जुळते. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली मध्य रेल्वेवर सहायक चालक झाल्या; भारतातल्या त्या पहिल्या महिला रेल्वेचालक. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन घाट उतरून मुंबईला आणली. मार्च २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत त्यांनी चालविली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सन्मानाने निवृत्त झाल्या. आपल्या मराठी मुलखाला याचा अभिमान वाटतो तो योग्यच. त्या ज्या जागेवर प्रथम लागल्या, ती ड्रायव्हरच्या शेजारची जागा म्हणजे जुन्या फायरमनचीच. आपल्याही मोठ्या मार्गांवरून १९९०च्या दशकात वाफ गेली. म्हणजे येथेही दार उघडले ते चूल विझता विझता.

त्या इंग्रज मुलीने मला विचारले होते, "तुमच्याकडे बायका इंजिनावर होत्या का?" मी सुरेखाताईंचे नाव सांगितले. मग म्हटले, माझी आईही एका परीने रेल्वेतच होती. शेडातल्या इंजिनांची राख बाहेर टाकीत. ती चाळून त्यातले अर्धवट जळलेले कोळसे आई आणि शेजारच्या बायका पाटीत भरून आणीत. इंजिनाने अर्धवट सोडलेल्या त्या कोळशावर आमचे अन्न शिजले आणि आम्ही पाच भावंडे वाढलो. आईचे नाव रेल्वेच्या कोणत्याही बुकात नाही. डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या त्या मजूर बायकांची नावे तर मलासुद्धा ठाऊक नाहीत, आणि या लेखात मला सर्वांत जास्त उणेपण वाटते ते याचेच.

म्हणून शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्यापैकी ज्यांच्या आई, आजी, सासूबाई गिरणीत, विडीच्या कारखान्यात, खाणीवर, रेल्वेच्या फाटकावर किंवा कोळशाच्या वखारीत राबल्या असतील, त्यांनी त्यांचे नाव, गाव आणि काम एवढे तरी लिहून चिटणीसबाईंकडे द्यावे. पुढच्या स्मरणिकेत त्यासाठी चार पाने राखून ठेवावीत. पहिले नाव माझ्याकडून घ्यावे: माझी आई, यमुना, काम, राखेतून कोळसे वेचणे.